खंडूमामांचं नाक

खंडूमामा आपल्या हातचं मटण कधी चाखून बघत नसत. पातेल्यावरचं झाकण उचलायचे, उजव्या हातानं वाफ नाकाकडे ओढायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "मीठ स्वल्प कमी हाय." कमी म्हणजे कमीच असायचं. न चाखण्याचं कारण स्वयंपाकघराच्या दारावर टांगलेलं होतं. मामांचे पूर्वज म्हैसूरच्या राजांच्या फौजेत होते, त्यांची तलवार. रांधलेल्याचं पहिलं पान तिला, आणि त्याआधी कुणाच्या जिभेला थेंबही लागता कामा नये, असा घरचा रिवाज.

मटण देणाऱ्या अशा खानावळीला आमच्या म्हैसुरात मिलिटरी हॉटेल म्हणतात. आमच्या एका रस्त्यावर तीन होती. लोण्याच्या डोशाचं एक दुकान होतं, केळीच्या पानावर वाढणारी एक मेस होती. सगळी गेली. मामांच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मामांनाही जाऊन वर्ष झालं. गल्लीत कुणालाही विचारा, भाडं वाढलं म्हणून हॉटेल बंद पडलं असं छातीठोकपणे सांगतील. साफ खोटं. ते बंद झालं त्या सकाळी मी तिथे होते, आणि त्यात माझा हात होता.

मामा माझ्या आईचे चुलतभाऊ. कोविडमधून ते खडखडीत बरे झाले, पण नाक काही परत आलं नाही. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मला कळलं ते त्यांच्या घरी. शेगडीवर दूध करपून घरभर वास सुटला होता आणि मामा शेजारीच पेपर वाचत बसले होते. मामीनं ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. मग हॉटेलात माझं लक्ष जाऊ लागलं. मामा पूर्वीसारखीच वाफ ओढायचे, डोळे मिटायचे; मामी मागून जाता जाता पुटपुटायची, "मीठ कमी." आणि मामा तेच मोठ्यांदा सांगायचे. दोघांनी आपसात याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात मामी संगमाच्या स्नानाला टी. नरसीपूरला निघाली. रविवारचं खोबऱ्याचं वाटण आदल्या संध्याकाळीच वाटून ठेवलं. हॉटेलात फ्रिज नव्हता. "शिळं ठिवायची सोय कशाला गे?" असं मामा ऐटीत म्हणायचे. जाताना मामी मला म्हणाली, "सकाळी साडेसहाला जा गे. वाटण घालायच्या आधी नाक लावून बघ. मरू नको."

मरू नको म्हणजे विसरू नको. कन्नडातला शब्द. मी विसरले नाही, पण झोपले. पोचले तेव्हा सात वाजत आले होते. बाहेर पन्नासेक माणसं ताटकळत उभी होती, कडेवर पोरं घेऊन बायका होत्या. स्वयंपाकघरात पाऊल टाकताच आंबूस भपका आला. वाटण रात्रभरच्या उकाड्यात आंबलं होतं आणि सगळंच्या सगळं पातेल्यात रटरटत होतं. मामांनी तलवारीचं पान वाढायला डाव उचलला. मी त्यांचा हात धरला.

"मामा, नको. वाटण आंबलंय."

"सुम्ने, गप बस गे. तुझं नाक चोंदलंय."

त्यांनी वाफ ओढली, डोळे मिटले. "फर्स्ट क्लास हाय." बाहेरून कुणीतरी हाक मारली. एवढ्या वर्षांत रविवारी सातला दार उघडलं नाही असं घडलं नव्हतं. मामा पुन्हा डाव बुडवू लागले. मी गप्प बसले तर कडेवरची पोरंही हेच खाणार होती.

"तुम्हाला वास येत नाही, मामा. मामीला ठाऊक आहे. मलाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता डाव फेकून मारतात. त्यांनी तो हळूच तोंडाला लावला. तलवारीच्या आधी! एकदा चाखलं, पुन्हा चाखलं, तिसऱ्यांदा चाखलं. जिभेलाही काही कळत नव्हतं. मग त्यांनी गॅस बंद केला.

"मामी उद्या येईल की," मी घाईघाईनं म्हणाले. "आजच्या दिवस बंद ठेवू. मग चालू दे तसंच."

"तसंच म्हंजे नाटक गे," मामा म्हणाले. "दीड वर्स डोळे मिटून हुबा राहतोय. लोकं बाहेर सांगत्यात, खंडूरायानं वास बघितलाय, डोळे झाकून खा. माज्या नाकावर पोरास्नी खायला घालत्यात ती. आन् आज मी त्यास्नी काय वाढत होतो?"

त्यांनी हात धुतले, खांद्यावरच्या पंच्याला पुसले आणि अर्धं दार उघडलं.

"इवत्तु इल्ला," म्हणाले. आज नाही.

कुणी कुरकुरलं, कुणी तब्येत विचारली. पुढच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "नाळे?" उद्या?

मामांच्या मागे उभी राहून मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, हो म्हणू देत.

"नाळेनू इल्ला."

उद्याही नाही. शेवटचा माणूस वळेपर्यंत ते दारात ताठ उभे राहिले. मी साडेसहाला पोचले असते तर ते हॉटेल आणखी काही वर्षं चाललं असतं, याची मला आजही लाज वाटते. त्या सकाळी तोंड उघडलं याची मात्र वाटत नाही.