चोराच्या आधी आपणच सांगू

शैलजाताई कारखानीस यांची नि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. त्यांच्या साठीच्या गौरवग्रंथात हे लिहिलेलं चालेल का, असं मी संपादक मंडळाला विचारलं. ते म्हणाले, घडलं तसं लिहा. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही कन्नड शाळेत, तेव्हा जसं येतं तसंच लिहिणार.

बेंगळुरूच्या आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात फराळाचा स्टॉल लावला होता. लावला होता मी आणि माझी मोठी जाऊ, तारक्का, आम्ही दोघींनी. बसवनगुडीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत आमचं दुकान आहे. चकली, कडबोळी, मेतकूट, चटणीपुडी. आमच्या घराण्याला इथे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की मूळ गाव कुठलं विचारलं तर घरातच दोन मतं पडतात. असो. स्टॉलवर एक बाई आल्या. सुती साडी, पायात बूट, पाठीला पिशवी. त्यांनी कडबोळं तोंडात टाकलं. आता तारीफ होणार म्हणून मी पदर सारखा केला, तर त्यांनी समोरच्या पैसे घ्यायच्या पाटीकडे बोट केलं.

"दुकान बंद झाल्यावर हा क्यूआर कोड कुठे असतो?"

"असतो बाहेरच. शटरशेजारी खिळ्याला."

"त्यावर कुणी स्वतःचा कोड चिकटवून गेला तर तुमच्या चकलीचे पैसे कुणाकडे जातील?"

"बाई, तुम्ही खायला आलात की झडती घ्यायला?"

"दोन्हीला. कडबोळी अर्धा किलो द्या."

मला राग आला, कडबोळीही मी तोंड फिरवूनच बांधली. पण घरी गेल्यावर पहिलं काम केलं ते खिळा उपटायचं. तारक्का म्हणत होत्या, "अय्यो, स्वल्प थांब ग, उद्या करू." थांबले नाही. तेव्हापासून आमचा कोड गल्ल्यावर असतो आणि दुकान बंद करताना आत जातो.

शैलजाताई पुण्याच्या. नोकरीसाठी बेंगळुरूला आल्या, इंदिरानगरला राहू लागल्या, आणि एका मोठ्या कंपनीचे संगणक चोरांपासून राखायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. त्या म्हणतात, मोठ्या कंपनीला राखणदार असतो, म्हणून चोर लहान दुकानांकडे वळतो. आमच्यासारख्यांना वाटतं, आपल्या कडबोळ्यांत कोणाला काय रस? चोराला कडबोळ्यांत रस नसतोच. त्याला हवी असते आपल्या नावावर बसलेली गिऱ्हाइकं.

म्हणून रविवार आला की ताई निघतात. शिवणकाम, झेरॉक्स, डबे, शिकवण्या, जिथे एक फोन आणि एक माणूस तिथे त्या पोचतात. के. आर. पुरमला लग्नपत्रिका छापणारे एक गृहस्थ आहेत. सगळ्या कामाची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कच्या डबीत ठेवा आणि ती डबी एरवी संगणकाला जोडू नका, असं ताईंनी त्यांना बजावलं होतं. ते हसले, पण ताई पुन्हा येतील या धास्तीने ठेवू लागले. ऐन लग्नसराईत कुणीतरी त्यांच्या संगणकातलं सगळं काम बंद करून टाकलं आणि पडद्यावर खंडणीची मागणी आली. गृहस्थांनी संगणक पुसून स्वच्छ करून घेतला, डबी जोडली आणि पत्रिका छापल्या. चोराला साधं उत्तरही पाठवलं नाही. ही गोष्ट सांगताना ताईंचे डोळे असे चमकतात की बघत राहावं.

आता आमच्या घरातली गोष्ट. हा लेख मी मागून घेतला तो हिच्यासाठी.

इथे मराठी आमच्या घरापुरती. रिक्षावाल्याशी कन्नड, नळवाल्याशी हिंदी, नातवंडांच्या ऑफिसात इंग्रजी. शिवाय पुण्या-मुंबईकडून नवे आलेले लोक आमची मराठी ऐकून गालात हसतात. त्यामुळे फोनवर कुणी शुद्ध मराठीत बोललं की आम्ही त्याला मनातल्या मनात पाट मांडतो. चोराला हे बरोबर ठाऊक होतं. दिवाळीच्या आधी, फराळाच्या ऑर्डरी ऐन भरात असताना, तारक्कांना फोन आला.

"नमस्कार मावशी, मंडळातर्फे बोलतोय. इथल्या मराठी व्यावसायिकांची माहिती छापतोय आम्ही. काय गोड मराठी हो तुमची! इतकी वर्षं परक्या गावात राहून जपलीत?"

तारक्कांच्या मराठीला जन्मात कुणी गोड म्हटलं नव्हतं. त्यांनी माहेर सांगितलं, सासर सांगितलं, "जेवलात का?" असंही चोराला विचारलं. मग तो म्हणाला, तुमच्या फोनवर सहा आकडे येतील, तेवढे वाचून दाखवा, म्हणजे तुमचं नाव पक्कं. त्यांनी चष्मा लावून वाचून दाखवले.

त्या सहा आकड्यांनी आमचं मेसेजचं ॲप त्याच्या फोनवर गेलं. थोड्या वेळात आमच्या गिऱ्हाइकांना आमच्याच नावाने मेसेज गेले: दिवाळीचा फराळ हवा असेल तर आगाऊ पैसे या नव्या खात्यावर भरा. काहींनी भरलेही.

माझी नात नंदिनी ऑफिस सोडून धावत आली. (नंदिनीबद्दल लिहायला लागले तर संपादक मला उठवतील. एवढंच सांगते की तिच्यासारखी पोर बेंगळुरूत दुसरी नाही.) ती येते न येते तोच आमच्याच नंबरवरून चोराचा तिच्या फोनवर मेसेज. नंबर परत हवा तर पैसे द्या. नाहीतर तुमच्या आजीने आकडे कसे वाचून दाखवले ते सगळ्या गिऱ्हाइकांना कळवीन.

"देऊन टाकू या, अज्जी," नंदिनी रडकुंडीला आली. "मोठ्या अज्जीचं नाव तरी चारचौघांत जाणार नाही."

तारक्का स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी शैलजाताईंना फोन लावला. त्या मेट्रोने आल्या आणि उंबऱ्यात बूट काढता काढताच म्हणाल्या, "एक रुपया द्यायचा नाही."

"पण तो सगळ्यांना सांगेल ना," नंदिनी म्हणाली.

"काय सांगेल? मी चोरी केली म्हणून? सांगू दे की. त्याच्या आधी आपणच सांगू."

मग त्यांनी पदर खोचला. आधी सायबर पोलिसांच्या मदत क्रमांकावर आणि बँकेत तक्रार, कारण जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेत अडवता येतात. मग आमच्या फोनवर ते ॲप नव्याने उघडलं. त्यामुळे चोर बाहेर फेकला गेला. आम्हाला मात्र काही दिवस आत जाता आलं नाही, कारण त्याने आत आपल्या पिनचं कुलूप लावून ठेवलं होतं. तेवढ्या दिवसांत नंदिनीने आणि मी एकेका गिऱ्हाइकाला साधा फोन करून सांगितलं. आणि दुकानाबाहेर ताईंनी भला मोठा फळा लावला, कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हींत: "आमचा मेसेजचा नंबर चोराने पळवला आहे. त्यावरून पैसे मागितल्यास देऊ नका. चोर मंडळाचं नाव सांगून गोड मराठी बोलतो. फोनवर आलेले आकडे कुणालाही वाचून दाखवू नका. फराळ नेहमीसारखा मिळेल."

तेव्हाचे मंडळाचे अध्यक्ष, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तरातरा आले. (पुढचं त्यांची परवानगी घेऊनच लिहिते आहे.)

"शैलजाताई, हे काय मांडलंत? मंडळाचं नाव रस्त्यावर? घरातली गोष्ट घरात मिटवायची असते."

"घरात मिटवतात म्हणूनच तो घरोघर फिरतोय, अण्णा. फळा हलणार नाही."

फळा हलला नाही. संध्याकाळी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या, फळा वाचला, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "आम्हालाही आला होता. हाच. माझ्या मराठीलाही गोड म्हणाला." मग शिकवणीवाल्या बाई, मग एक डबेवाले काका. सगळ्यांनी गप्प राहून सोसलं होतं, आणि आता सगळे आमच्या पायरीवर उभे राहून एकाच माणसाला शिव्या देत होते. मला त्या संध्याकाळी काय गार वाटलं सांगू! ताईंनी तिथेच सगळ्यांच्या तक्रारी एकत्र करवल्या. ज्या गिऱ्हाइकांनी चोराला पैसे पाठवले होते त्यांना आम्ही फराळ दिलाच. आमच्या नावावर विश्वास ठेवून पाठवले होते ना?

दुकान सावरलं. तारक्का सावरल्या नाहीत. घरात ठरलं की यापुढे फोन नंदिनी बघेल. तारक्का मान हलवून "सरी", म्हणजे बरं, म्हणाल्या आणि खोलीत जाऊन पडल्या. आमच्याकडे ऑर्डरी घ्यायचं काम त्यांचं. कुणाला चकली तिखट, कुणाच्या घरी मीठ कमी, कुणाची सून माहेरी गेली म्हणून यंदा निम्मीच, सगळं त्यांच्या तोंडी. फोन गेल्यावर त्या पुढच्या खोलीत यायच्याच थांबल्या.

शैलजाताईंना हे कळलं आणि त्या आम्हा सगळ्यांवर उखडल्या. "चोराने नुसता नंबर नेला. तुम्ही तर यांचं दुकानच काढून घेतलंत! फोन यांच्याच हातात राहील. शिकवायचं ते मी शिकवते."

पुढचे किती रविवार त्या आल्या ते मी मोजले नाहीत. पहिल्या खेपेला त्या तारक्कांशेजारी बसून नुसत्या चकल्या पाडत राहिल्या, फोनचं नावही काढलं नाही. (चकल्या वाकड्या आल्या. त्याही विकल्या.) मग पुढच्या खेपेपासून मागच्या अंगणात जायच्या आणि तिथून तारक्कांना फोन करायच्या, आवाज बदलून. कधी कुरिअरवाले, कधी बँकेचे साहेब, कधी पुण्याहून आलेला भाचा.

"मावशी, मी तुमच्या माहेरचा! ओळखलं नाहीत?"

"ओळखलं. ठेवा. माहेरी मी आपणहून फोन करते."

"अहो, फार घाई आहे, खातं बंद होईल!"

"होऊ दे. बंद खात्यातलं कोण चोरणार? ठेवा म्हणते ना!"

आणि अंगणातून ताईंचं मोठ्याने हसू. बास, एवढाच मंत्र त्यांनी शिकवला: कुणीही असो, ठेवा म्हणायचं आणि आपल्याकडे असलेल्या जुन्या नंबरवर आपण फोन करायचा. आकडे वाचायचे नाहीत. घाई करणारा तो चोर. ॲपला आपला दुसरा पिन आम्ही घातलाच, धंद्याचा फोन घरच्या फोनपासून वेगळाही केला, पण तारक्का उभ्या राहिल्या त्या या मंत्रावर.

पुढच्या संक्रांतीला अण्णांचा फोन आला. खरेखुरे अण्णा, मंडळाच्या हळदीकुंकवाची मोठी ऑर्डर द्यायला, पण नातवाच्या फोनवरून. पैसे पाठवतो, खातं सांगा म्हणाले.

"ठेवा," तारक्का म्हणाल्या.

"अहो, मी अध्यक्ष बोलतोय! माझा आवाज ओळखत नाही तुम्ही?"

"आवाज हल्ली यंत्रही काढतं. ठेवा. तुमच्या नंबरवर मी करते."

अण्णांनी रागाने ठेवला. तारक्कांनी त्यांच्या नंबरवर फोन केला, तर तो बंद, कारण दुरुस्तीला दिलेला. मग ऑर्डर घेतलीच नाही! घरात आम्ही डोक्याला हात लावला. मंडळाची ऑर्डर गेली! हळदीकुंकवाच्या दिवशी अण्णांनी चारचौघांत शैलजाताईंकडे तक्रार केली, की तुमच्या शिष्येने माझा अपमान केला.

ताई उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता समजूत घालतील.

"अण्णा, अध्यक्षांना नाही म्हणणारी बाई चोराला काय म्हणेल, विचार करा. मंडळातल्या प्रत्येक दुकानात मला अशीच बाई हवी आहे."

आधी शिवणकामवाल्या बाईंनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. अण्णा काही वेळ गोरेमोरे झाले, आणि मग, त्यांचा मोठेपणा म्हणून लिहिते, स्वतः दुसऱ्या दिवशी दुकानात आले, समोर उभं राहून होळीच्या पुरणपोळ्यांची ऑर्डर दिली. तारक्कांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि खातं सांगितलं.

आज तारक्का पुढच्या खोलीत बसतात, फोन त्यांच्या मांडीवर असतो. नव्या मुलींना "ठेवा" म्हणायला त्याच शिकवतात. आणि माझी नंदिनी दर रविवारी शैलजाताईंबरोबर दुकानं हिंडते. हे लिहिताना मला आनंदाने हसू आवरत नाही.

ताईंना साठ वर्षं पूर्ण झाली, नोकरीतून त्या मोकळ्या झाल्या, तेव्हा आता आराम करा असं काही जण म्हणू लागलेत. कशाला आराम? चोर निवृत्त झाले का? त्या गोड मराठीवाल्याला अजून कुणी धरलेलं नाही, तो कुठेतरी कुणाच्या तरी आजीला फोन लावत असेल. शैलजाताई, तुमचे गुडघे मजबूत राहोत, नजर अशीच करडी राहो, घसा कधी बसू नये. सगळ्या चोरांना कंटाळा येऊन ते कामधंद्याला लागतील, त्या दिवसापर्यंत तुम्ही धडधाकट असा. आणि त्यांना कंटाळा यायला जितकी वर्षं लागतील, तितकी सगळी तुम्हाला मिळोत.