शेंदूर लागलेला डिस्पेन्सर

"एका हातानं टेप लावून दाखवा, नाहीतर उद्यापासून येऊ नका," साहेब रंजनामावशींना म्हणाले.

मावशींच्या डाव्या हाताची दोन बोटं आमच्याच वर्कशॉपमधल्या पॉवर प्रेसमध्ये गेली होती. पॉवर प्रेस म्हणजे पत्र्याला एका ठोक्यात आकार देणारं मशीन. त्याला गार्ड नव्हता. गार्ड म्हणजे हात आत जाऊ न देणारी जाळी. मी तिथं मेंटेनन्स फिटर. गार्डसाठी साहेबांशी कितीदा भांडले. उत्तर ठरलेलं: "प्रॉडक्शन स्लो होतं." आता मावशींना पॅकिंगला टाकलं होतं. तिथं एक हात रोल धरायला लागतो, दुसरा ओढायला.

एका हातानं टेप ओढून कापता येईल असा डिस्पेन्सर मी करायला घेतला. लोखंडी अँगलचे तुकडे, रोल फिरायला जुनं बेअरिंग, टेप कापायला हॅक्सॉ ब्लेड. पण टेप ओढली की अख्खा डिस्पेन्सर सरकायचा. वजन हवं होतं. आंबी गावातली आमची शेड शेतात भराव टाकून उभी केलेली. मागच्या बाजूला एक काळा, गुळगुळीत दगड अर्धा गाडलेला होता. तो उपटला, बेसला पट्टीनं आवळला. मावशींनी टेप ओढली. खर्र, टक. डिस्पेन्सर जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं, तर दगडाला शेंदूर. ओला.

"रातभर कुणीबी आत आलं न्हाई," वॉचमन आबा म्हणाले. मग आवाज उतरवून, "पोरी, त्यो शेतातला म्हसोबा. भरावाखाली गेलता. तू उठिवलास त्याला."

बेडसे गावातल्या आमच्या घरात देवघर नव्हतं. कोनाड्यात आजोबांच्या अंधश्रद्धाविरोधी पत्रकांचा गठ्ठा होता. त्यावरच मी वाचायला शिकले. सगळ्यांसमोर मी थिनरनं दगड पुसला. "दगड तो दगड," मोठ्यानं म्हटलं. कुणी हसलं नाही.

पुढच्या सकाळी पुन्हा ओला शेंदूर. प्रेसचा ठोका पडला की त्याचा ओघळ जरासा खाली सरके. पुन्हा पुसायला माझा हात उठला नाही. पॅकिंगच्या टेबलाजवळ कुणी फिरकेना. मावशी तेवढ्या शांतपणे टेप ओढत होत्या. खर्र, टक.

"उद्या पूजा घालू," साहेब म्हणाले.

"पूजेनं प्रॉडक्शन स्लो होत नाही का, सर?"

"तू गप बस, पत्रकवाली."

पूजेच्या सकाळी प्रेसवर, पत्रा सरकवतात त्या तोंडाच्या वरच, शेंदराचा पंजा उमटलेला होता. डावा. दोन बोटं कमी.

शॉपमध्ये एकही मशीन चालू झालं नाही. ऑपरेटर दत्ताभाऊ मागं सरकले. "मी न्हाई ह्यात हात घालायचा."

साहेब ओरडले. मग स्वतःच पत्रा उचलून पुढं झाले. पंज्यापाशी त्यांचा हात थांबला. तसाच हवेत राहिला. त्यांनी पत्रा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गार्डचं माप घे."

गार्ड बसेपर्यंत प्रेस बंद राहिला. बसला त्या दिवशी, चहाच्या सुट्टीत, मी मावशींना विचारलं, "पंजा तुमचाच ना?"

"व्हय. पूजेच्या आदल्या सांजंला, शिफ्ट सुटताना मागं राहिले. दगडावरचाच शेंदूर घेतला. माजा हात समद्यांना रोज दिसत हुता, पर बगत कुणीच नव्हतं."

"आणि दगडावर शेंदूर कधी लावायचात?"

मावशींनी कप खाली ठेवला. "त्यो तूच लावतीस, आसं वाटलं मला."

मी अजून कशालाच हात जोडत नाही. डिस्पेन्सर मात्र चालू आहे, आणि मावशी कामावर आहेत. मेंटेनन्सचा नियम आहे: नीट चाललेलं खोलायचं नाही. दगड मी पुसत नाही.