बुट्टीतली पत्रं

साताऱ्यात गोडोलीला मुक्ताबाई गायकवाडांच्या घरी नवा कॉम्प्युटर आला, ती तारीख १९९९ च्या मे महिन्यातली. दारात बँड लावायचा तेवढा राहिला होता बघा. मुक्ताबाई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या बाई. तीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळलेला, आणि अजूनही दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं दिसलं की आत जाऊन दुकानदाराला सुनावल्याशिवाय पुढं जायच्या नाहीत. त्यांचे मालक हिंदुराव लष्करातून हवालदार होऊन परतलेले. त्या दिवशी ते काठी घेऊन दारातच उभे होते. "चपला भायेर! सब लोग चपला भायेर! मशीनला धूळ चालत न्हाई!" अहो, शेजारणी नुसत्या बघायला आल्या होत्या, तरी त्यांना पाय धुवायला लावले.

कॉम्प्युटर घेऊन आला भाऊसो. सांगलीला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. लहानपणी मामाकडं खंडाळ्याला राहिला, तेव्हा बाईंच्या वर्गात होता. त्यामुळं मिशा फुटून पोराबाळांचा बाप झाला तरी बाईंसमोर खुर्चीवर बसायचं म्हटलं की चुळबुळ करायचा.

"बस की रं," हिंदुराव म्हणाले.

"नगं, मी हुबाच बरा हाय," भाऊसो म्हणाला.

जुन्या कॉम्प्युटरमधली पत्रं नव्यात न्यायची, एवढंच काम होतं. पण ती पत्रं म्हणजे मुक्ताबाईंचा जीव की प्राण. एकुलता एक लेक राजरत्न दोन वर्षांमागं कॅनडाला गेला. जाताना आईला कॉम्प्युटर घेऊन दिला, ईमेल शिकवून गेला. तेव्हापासून दर चार दिवसांनी त्याचं पत्र. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. ते वाचताना बाईंना पहिले पंधरा दिवस घाम फुटायचा, मग सवय झाली. वाचायचं, त्याच दिवशी उत्तर द्यायचं आणि पत्र बुट्टीत ठेवून द्यायचं.

आता ही बुट्टी कुठली? सांगतो. हिंदुराव लष्करात होते तेव्हा त्यांची पत्रं मुक्ताबाई भाकरीच्या जुन्या बुट्टीत ठेवायच्या. ती बांबूची बुट्टी आजही त्यांच्या कपाटावर आहे. तर कॉम्प्युटरच्या पत्रांच्या यादीखाली त्यांना एक छोटं चित्र दिसलं. अगदी बुट्टी! शेजारी इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. पण चित्र दिसत असताना अक्षर कोण वाचतंय? चौथीच्या पोरांना तीस वर्षं त्यांनी हेच शिकवलेलं, आधी चित्र बघा, मग धडा वाचा. आणि कचऱ्याला त्यांच्या शाळेत पत्र्याचा डबा असायचा. बुट्टीत कधी कुणी कचरा टाकतं का? झालं तर मग. राजरत्नचं एकूण एक पत्र बाईंनी स्वतःच्या हातानं ओढून त्या बुट्टीत ठेवलं.

ती होती कचऱ्याची टोपली. काढून टाकलेल्या पत्रांची.

भाऊसो पडला आज्ञाधारक विद्यार्थी. त्यानं बघितलं, टोपलीत दोनशेच्या आसपास पत्रं साठलेली. त्याला वाटलं, बाईंच्या नव्या घरात जुना कचरा कशाला न्यायचा? शिवाय फ्लॉप्या मोजक्याच आणलेल्या. त्यानं टोपली स्वच्छ रिकामी केली, बाकीचं सगळं फ्लॉप्यांवरून नव्या कॉम्प्युटरवर चढवलं, शिरा खाल्ला, आणि जुनं मशीन गाडीत टाकून फ्लॉप्यांसकट सांगलीला निघून गेला. ते मशीन आतून पुसून, कोरं करून उद्याच कुणा दुसऱ्याला द्यायचं होतं.

संध्याकाळी मुक्ताबाई नव्या कॉम्प्युटरसमोर बसल्या. पडदा मोठा, अक्षरं ठसठशीत. हरखून गेल्या नुसत्या. मग बुट्टीवर बोट दाबलं आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. बुट्टी रिकामी!

"आवं, पत्रं न्हाईत!" एरवी शुद्ध बोलणाऱ्या बाई घाबरल्या की माहेरच्या बोलीवर यायच्या.

हिंदुराव धावत आले. भाऊसोच्या दुकानात फोन लावला. घंटी वाजत राहिली, दुकान बंद झालं होतं.

"एवढं काय घाबरायचं? पोराकडं असतील की," हिंदुराव म्हणाले. "परत धाडायला सांग."

"त्याला काय सांगू? तुझी पत्रं हरवली म्हणून?" बाई एवढंच बोलल्या आणि आत गेल्या.

खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती हिंदुरावांना, म्हणजे राजरत्नच्या अण्णांना, ठाऊक नव्हती. जानेवारीत राजरत्नचं एक पत्र आलं होतं. 'आई, माझ्याबरोबर पायल काम करते. तिचा घटस्फोट झालाय, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. आम्हाला लग्न करायचंय. तुला चालेल का? तू हो म्हणालीस तरच अण्णांना सांगेन.' आणि मुक्ताबाई, दर चौदा एप्रिलला स्टेजवर उभं राहून बाईच्या दुसऱ्या लग्नावर अर्धा अर्धा तास बोलणाऱ्या मुक्ताबाई, गप्प बसल्या. उत्तर दिलं नाही. पोरगंही पुन्हा विचारायला धजलं नाही. बर्फाचं लिहायचं, जेवणाचं लिहायचं, बाई त्याला उत्तरं द्यायच्या. पण जानेवारीचं पत्र त्या रोज बुट्टीतून काढून वाचायच्या आणि पुन्हा ठेवायच्या. आज देऊ उत्तर, उद्या देऊ. आता पत्रच गेलं म्हटल्यावर त्याच्याकडं कुठल्या तोंडानं मागायचं?

सकाळी पहिल्या गाडीनं बाई सांगलीला निघाल्या. कराडला गाडी चहाला थांबली, बाई जागेवरून हलल्या नाहीत. इस्लामपूर गेलं, आष्टा गेलं, तोंडात पाण्याचा थेंब नाही. स्टँडवरून तरातरा चालत दुकानात शिरल्या तेव्हा भाऊसो जुन्या मशीनवर ओला बोळा फिरवत होता.

"भाऊसो, हात काढ!"

त्यानं दचकून दोन्ही हात मागं बांधले. सवयच ती.

"बुट्टीतली पत्रं कुठायत?"

"कसली बुट्टी, बाई?"

बाईंनी दुकानातल्या दुसऱ्या, चालू मशीनच्या पडद्यावर बोट ठेवून ते चित्र दाखवलं. भाऊसोच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, ती कचऱ्याची टोपली हाय! मी रिकामी केली. आन् मशीन तर काल रात्रीच आतनं पुसून कोरं केलं."

"टोपली? तुला कुणी सांगितलं रिकामी करायला?"

"तुमीच शिकिवलंय न्हवं, आदी चित्र बघा म्हणून? मी चित्र बघितलं!"

बाई मटकन स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. भाऊसोनं आयुष्यात बाईंना रडताना बघितलं नव्हतं. मार खाल्ला होता, तो परवडला असं त्याला झालं. तो उगीचच फ्लॉप्या खालीवर करायला लागला आणि एकदम ओरडलाच.

"बाई, तुमी मागं मला फोनवर झापलं हुतं बगा! 'माझ्या उत्तराखाली त्याचं पत्र पुन्हा का चिकटतं? ते शेपूट काढ' म्हणून!"

"मग?"

"ते मी काढलंच न्हाई! इसरलो! लय आळशी हाय मी, बाई!"

फ्लॉप्या एकेक करून आत सरकल्या. दुकानातलं मशीन कुरकुरलं. पडद्यावर बाईंची स्वतःची उत्तरं आली आणि प्रत्येक उत्तराच्या खाली राजरत्नचं पत्र! ओळीओळीला पुढं बाणाचं टोक, पण अक्षर न् अक्षर जागेवर. पहिला बर्फ बघितला ते, पिठलं करपलं ते, आजारी पडला ते. ज्याला म्हणून उत्तर दिलं, ते प्रत्येक पत्र जिवंत होतं.

"आळशा! गाढवा!" बाई हसत होत्या, रडत होत्या, भाऊसोच्या पाठीत धपाटे घालत होत्या. "तुझ्या आळसाला शंभरपैकी शंभर!"

भाऊसोनं चहा सांगितला. बाई आता बशीत ओतून भुरके मारत तारखा बघायला लागल्या. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. जानेवारीवर आल्या आणि बशी हातातच राहिली.

"सगळी गावली न्हवं?" भाऊसोनं विचारलं.

"एक सोडून."

"का बरं? एकच कसं ऱ्हायलं?"

"त्याला मी उत्तर दिलं नव्हतं."

"जाऊ द्या की, बाई. दोनशेतलं एक."

बाईंनी बशी खाली ठेवली. मग स्टूल पुढं ओढलं. "माझं खातं लाव. मला लिहायचंय."

फोनची तार जोडली, मशीननं किंचाळून घेतलं, खातं उघडलं. बाईंनी एका बोटानं, एकेक अक्षर शोधत लिहिलं. 'राजा, तुझं जानेवारीचं पत्र माझ्या हातून गेलं. पुन्हा पाठवू नकोस, मला पाठ आहे. उत्तराला चार महिने उशीर केला, आईला क्षमा कर. चालेल. पायलला घेऊन ये.'

पाठवायचं बटण त्यांनी भाऊसोला दाबू दिलं नाही. पत्र गेलं तसा त्यांनी दुकानातला फोन उचलला आणि घरी लावला.

"गावली का पत्रं?" हिंदुराव तिकडून ओरडले.

"गावली. आवं, ऐका, वरची खोली झाडून घ्या. सून येणाराय."

"कुणाची?"

"आपलीच, दुसऱ्या कुणाची? घरी आल्यावर सगळं सांगते. आन् चपला भायेर काढायला लावू नका तिला."