टोक मोडलेली पानं

आमच्या पाड्यावर पानं मी लावते. लग्न असो, लग्न पक्कं करायची सुपारी असो, नव्या घराची पूजा असो, पाटावर विड्याची पानं मांडायला मलाच बोलावतात. सासूनं मला शिकवलं. पानं नेहमी जोडीनं, देठ देवाकडे, टोक आपल्याकडे. पानाच्या टोकात लक्ष्मी बसते, मधे सरस्वती, म्हणून फाटलेलं पान चालत नाही आणि टोक मोडलेलं तर अजिबातच नाही. चांगल्या पानावर सुपारी ठेवली की ती सुपारी राहत नाही, गणपती होते. मी चौथी शिकले, पण हे मला पुस्तकात कुठं भेटलं नाही.

पानं आमच्याकडे होत नाहीत. सूर्यमाळच्या डोंगरावर उन्हाळ्यात माणसालाच पाणी नसतं, तिथं वेल कोण जगवणार? मोखाड्याच्या बाजारातून आणायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची. चैत्रात हंड्यातलं पहिलं भांडं पानांच्या फडक्यावर आणि मग आपल्या घशात, असा माझा नियम होता. सून कुरकुरायची. मी ऐकत नसे.

टोकाच्या बाबतीत तर मी कुणाचं ऐकलं नाही. एकदा शेजारच्या घरी सुपारी होती. पाहुणे बसलेले, भात शिजलेला. मी पानं उचलून बघितली तर दोन-तीन पानांची टोकं गेलेली. मी पाटावरून उठले. घरच्या माणसानं हातापाया पडून पाहिलं. सुपारी पुढच्या बाजारापर्यंत थांबली. पाहुणे तसेच जेवून परत गेले, घरची मुलगी दाराआड रडत होती. मला वाईट वाटलं नाही. नियम तो नियम.

या वर्षी माझ्या नातीची सुपारी ठरली. नात बारावी झालेली, अठरा पुरी. नाशिकला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. माझ्या मुलाचं म्हणणं, शिकून आली तरी लग्नच करायचंय, स्थळ ठाण्याला कामाला आहे, पुन्हा असं मिळायचं नाही. सून गप्प. आमच्यात एकदा सुपारी फुटली की शब्द मोडत नाही. म्हणजे सुपारी फुटली की नाशिक संपलं.

पानं आणायला जीपनं मोखाड्याला गेलो तेव्हा पिशवी धरायला नात आली. येताना मला म्हणाली, "आजे, बाबा कुणाचं ऐकत नाही. पण पानांचं तुझंच ऐकतो."

"मग?"

"तू पानं चालत नाहीत म्हण. आठ दिवस मिळाले तरी मी नाशिकला जाऊन नाव लावून येईन. मग बघू."

घरामागं बसून मी पंचवीस पानांची टोकं नखानं खुडली. ती समोर उकिडवी बसून बघत होती, एकेक पान माझ्या हातात देत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी पान मोडलं.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. अंगणात पाट मांडला. मी फडकं सोडलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ही पानं चालायची नाहीत. टोकं गेलीत. पुढच्या बाजारी करा."

नवऱ्या मुलाचा मामा हसला. "आजे, लग्न पोरीचं आहे का पानांचं?"

सगळे हसले. माझा मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "आये, चालतं. आता कोण बघतं एवढं?"

"मी बघते."

"मग तू नको लावू. बस तिकडं."

एवढंच. पंचेचाळीस वर्षं ज्या शब्दावर पाडा थांबत होता, तो एका वाक्यात बाजूला झाला. मी ओट्यावर जाऊन बसले. नात दारात उभी होती, माझ्याकडे बघत होती. मी पाटाकडे बघत राहिले.

सुनेनं पानं घेतली. घाबरलेली होती ती. दोन पानं ठेवली आणि देठ पाहुण्यांकडे केले, टोक देवाकडे. उलटं. मी बघत होते. डोळ्यात कुसळ गेल्यासारखं होत होतं. मी उठले, पाटाशी गेले आणि पानं फिरवून सरळ केली. देठ देवाकडे. माझा हात कधी गेला ते मला कळलं नाही.

मामा म्हणाला, "झालं. आजेनं लावलं, म्हणजे चाललं."

माझ्या मुलानं सुपारी ठेवली, पाणी सोडलं. सुपारी फोडली. गूळ वाटला.

भांडी घासताना नात माझ्याजवळ आली. "आजे, तू का उठलीस?"

"उलटं होतं."

 ती राख घेऊन पातेलं घासायला लागली. 

लग्न वैशाखात, आता चार दिवसांवर आहे. परवा पानं आणायला जायचंय. मुलानं सांगितलंय, या वेळी नीट बघून घे, एकाचंही टोक मोडलेलं नको. पिशवी धरायला कोण येणार, ते मी विचारलं नाही.