टाकीआधी मोटार

मूल होईना म्हणून पंपवाल्याच्या बायकोनं चार वर्षं दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या. पाळीच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, दिवसाआड सोनोग्राफी करून बीज वाढतंय का ते पाहिलं, नळ्या मोकळ्या आहेत का म्हणून आत औषध सोडून फोटो काढला. त्या दिवशी तिला ब्रह्मांड आठवलं. रिपोर्ट मात्र सगळे चांगले. अन् चांगला रिपोर्ट आला की सासूबाईंचं तोंड आणखीच वाकडं! फाईल कायम त्यांच्या काखेत, जणू सुनेचं पोट त्यांच्याच नावावर होतं.

आता पोटाला भोक पाडून दुर्बिणीनं बघायचं तेवढं राहिलं होतं. नव्या डॉक्टरीणबाईंनी फाईल पहिल्या पानापासून चाळली. "यजमानांची तपासणी कुठाय?"

"त्याला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या. "कधी साधी सर्दी नाही."

"आजी, ही सर्दीची तपासणी नाही. खरं तर ही सुरुवातीलाच करायची. डबीत नमुना द्यायचा, ना सुई ना भूल. तो आल्याशिवाय मी भोक पाडणार नाही."

डबी घरी आली आणि कपाटावर बसून राहिली. पंपवाल्याला एकाएकी गावभरचे पंप बिघडलेले दिसायला लागले. सासूबाईंनी तोवर जुन्या डॉक्टरांकडे दुर्बिणीसाठी गुरुवारची वेळ घेऊन टाकली. ते असलं काही विचारत नसत.

बुधवारी ती दवाखान्याची पिशवी भरत होती आणि हा फोनवर गिऱ्हाइकावर ओरडत होता, "अहो, टाकी फोडताय कशाला? पाणी नाही म्हणून टाकीला दोष? आधी मोटार पाणी उचलते का बघायचं! दहा मिनिटांचं काम. माझा नियमच आहे तो."

फोन ठेवून वळतो तर बायको समोर, हातात डबी.

"अहो, नियम काय गिऱ्हाइकांपुरताच?"

"अगं, लोक काय म्हणतील?"

"मला चार वर्षं म्हणतायत तेच. मेले का मी त्यानं?"

त्यानं कान खाजवला आणि डबी खिशात घातली. गुरुवारी पोटाला भोक पडलं नाही, नमुना गेला.

रिपोर्टात शुक्रजंतू कमी निघाले, होते तेही आळशी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तंबाखू सोडा, तीन महिन्यांनी परत तपासू. उपाय आहेत. दुर्बीण तूर्त नको."

"लॅबचं यंत्रच बिघडलं असणार," सासूबाई म्हणाल्या. सुनेच्या चार वर्षांत ते एकदाही बिघडलं नव्हतं.

आता फाईल सुनेच्या काखेत असते आणि बाकावर शेजारी पंपवाला. परवा एका बाईनं त्यालाच विचारलं, "किती वर्षं झाली लग्नाला?"

तो वर पंख्याकडे बघायला लागला.

"सांगा की," बायको म्हणाली. "रोज विचारतात. होईल सवय."