बंद खाणीची पाष्टी

माझ्या वडिलांचं नाव महिपत, पण आमच्या वाडीत त्यांना सगळे मुकादम म्हणायचे. खाण बंद पडून अकरा वर्षं झाली तरी मुकादमच. लोक थट्टेनं म्हणायचे आणि बाबा मान डोलवून ते गोड मानून घ्यायचे. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड व्हायचा.

बुरोंडीच्या वरच्या अंगाला डोंगरात मँगनीजची खाण होती. तिथला साहेब विलायतेतल्या कॉर्नवॉलचा, पिढ्यान्‌पिढ्या खाणीत राबलेल्या घरातला. दुपारी तो रुमालातून पाष्टी काढायचा. दिसायला करंजीच, पण वीतभर लांब, आत मटण आणि बटाटा, आणि कडेला जाडजूड मुरड. खाणीच्या धुळीनं हात काळेकुट्ट असायचे, म्हणून साहेब ती मुरडीला धरून खायचा आणि शेवटी मुरड फेकून द्यायचा. बाबांना ही युक्ती फार आवडली. आईनं मग गव्हाऐवजी तांदळाची उकड घेतली, आत सुकट, बटाट्याऐवजी कणगराचा कंद, कांदा नि आमसूल भरलं आणि निखाऱ्यांवर खरपूस भाजलं. अडचण एकच होती, अन्न फेकायचं कसं? गड्यांनी ठरवलं, मुरड खाणीच्या राखणदार देवाला ठेवायची. महिन्याभरात अख्ख्या वाडीत पाष्टी होऊ लागली.

चोवीस साली विलायतेतली मागणी पडली आणि पावसाच्या तोंडावर साहेब निघून गेला. जाताना बाबांना म्हणाला, "मुकादम, नजर ठेव. आम्ही परत येऊ." त्याला काय, तो बोलून गेला. भोगलं आम्ही.

गडी एकेक करून मुंबईला गेले. पाष्टी दोन दिवस टिकते म्हणून बायका बोटीच्या प्रवासाला तीच बांधून द्यायच्या. बाबा तेवढे पाष्टी घेऊन रोज खाणीवर जायचे. रुळांवर आलेलं रान तोडायचे, दुपारी खायचे, मुरड राखणदाराच्या दगडावर ठेवायचे, दिवस कलला की घरी. भाताची लावणी असो नाहीतर कापणी, शेतात आई आणि मी. मला चौदावं लागलं होतं, बरोबरीच्या मुली नांदायला गेल्या होत्या. पण स्थळ बघायला जायचं म्हटलं की बाबांना वेळ नसायचा. काम होतं ना त्यांना!

पस्तीस साली आईची कंबर धरली. तिच्यानं शेत होईना. केळशीला भिकाजीमामा एका बागायतदाराकडे कामाला होता. त्यानं बाबांसाठी तिथं नारळी-पोफळी शिंपण्याच्या कामाची जागा दोनदा धरून ठेवली होती, राहायला खोपीसकट. या खेपेला त्याचा निरोप आला, दसऱ्यापर्यंत या, नाहीतर मालक दुसरा माणूस ठेवतो. ही जागा गेली तर पुढल्या वर्षी खायचं काय, हे मलासुद्धा कळत होतं.

"औंदा जायाचंच," आई म्हणाली.

"आन मागनं सायेब आला म्हंजे?" बाबा म्हणाले.

दसऱ्याआधी चार दिवस रत्नागिरीहून एका ठेकेदाराचा कारकून आला. बरोबर वीस माणसं. खाणीवरचे रूळ आणि पत्रे मोडीत काढायचे होते. जागेचा माहितगार कोण, असं त्यानं विचारलं आणि लोकांनी बाबांकडे बोट दाखवलं. बाबा धावतच घरी आले.

"मना मुकादम केलान! सांगत नव्हतो मी?"

"बाबा, ते खाण मोडायला आलेत," मी म्हटलं.

"आधी जुनं काढूकच लागतं, मालन."

मी कपाळाला हात लावला. पण आई खूश झाली. रूळच गेले की हा माणूस मोकळा होईल, असा तिचा हिशेब. तिनं मामाला निरोप धाडला, दिवाळीपर्यंत कसंही करून थांब. मामानं मालकाच्या हातापाया पडून तेवढी सवड मिळवली. इकडे बाबांनी तीन आठवडे अशा उत्साहानं खाण उचकटली की कारकुनानंही शाबासकी दिली. शेवटची गाडी बुरोंडीच्या बंदराकडे गेली त्या दिवशी आईनं गाठोडी बांधली. बांधताना ती गुणगुणत होती. मी तिला कधी गुणगुणताना ऐकलंच नव्हतं.

सकाळी गाय शेजारच्या मथुराकाकूच्या गोठ्यात बांधून मी परत आले, तर बाबा पायरीवर बसलेले. डोक्याला मुंडासं, कमरेला कोयती.

"पाष्टी बांधलीस?" त्यांनी आईला विचारलं.

"कशाला? आता तिथं हाय काय?"

"रूळ नेलेनी. खाण नेलेनी काय? दगड हाय तिथंच हाय. सायेबाला नवे रूळ घालूक जागा साफ नको?"

मी ओरडले. अकरा वर्षांचं साचलेलं सगळं बोलले. आईची कंबर, माझं लग्न, मामाची विनवणी, काही ठेवलं नाही. बाबांनी नेहमीसारखं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी कधी आमच्यावर आवाज चढवला नाही; चढवला असता तर भांडता तरी आलं असतं.

मी आईकडे पाहिलं. आता ती बोलेल असं मला वाटलं. तिनं वाकून गाठोड्याची गाठ सोडली आणि तांदळाचं पीठ बाहेर काढलं.

"आये, मामा वाट बघतोय!"

"जानारच हाय तुजा बापूस," आई चुलीकडे जात म्हणाली. "उपाशी जाऊ दे काय?"