पापणीवरची घडी

“थांबा भाऊ, शटर वर घेते,” असे म्हणून आमच्या घरमालकीणबाई तर्जनीने उजवी पापणी उचलत, समोर कोण आहे ते नीट पाहून घेत आणि मगच बोलू लागत. नोकरीनिमित्त विदर्भातून येऊन मी पुण्याजवळच्या घोटावड्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो.

वयोमानाने त्यांच्या वरच्या पापण्यांची कातडी सैल पडून डोळ्यांवर उतरली होती. हात गुंतलेले असले की त्या हनुवटी वर करून पाहत. तुम्हीही पाहिले असते, तर कदाचित तुमचीही माझ्यासारखीच फसगत झाली असती. मी त्याला ताठा समजलो आणि पहिले सहा महिने जिन्यात त्यांच्याशी बोलणे टाळले. त्याची लाज मला अजून वाटते.

एकदा गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या लेंग्यात त्या थेट शिरल्या. आतून आवाज आला, “भाऊ, घरात हाय का तुमी?”

त्याच आठवड्यात मी त्यांना पुण्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, “जादा कातडी काढली की पापणीवरची घडी पुन्हा दिसेल. ती किती उंच ठेवायची, ते आधी ठरवावं लागतं. तरुणपणीचा फोटो आणा.”

“साडीची घडी ठाव हुती. डोळ्याला बी आसती व्हय?” परत येताना बाई हरखून गेल्या होत्या. वाटेत पिरंगुट आले, तशा मात्र माझ्याकडे वळल्या. “भाऊ, उद्या आरशात परकी बाई बसली तर? तसं आसंल तर मला न्हाई करायचं. धडकत फिरीन.”

तरुणपणीचा फोटो एकच होता, लग्नातला. तो पाहायला आळीतल्या बायका जमल्या. “बगा, कशी कोरीव घडी!” म्हणत बाईंनी एकेकीची पापणी तपासायला घेतली. “मिट गं. उगड. छ्या, तुजी तर इस्त्री केल्याली हाय!” ओसरीभर बायका डोळे मिटून खिदळत उभ्या होत्या.

फोटो मोठा करून आणायचे काम माझ्याकडे होते. स्टुडिओतला माणूस म्हणाला, “काका, हे डोळे ब्रशनं काढलेत. नवरीनं ऐनवेळी मिटले असणार.”

मोठा केलेला फोटो मी बाईंच्या हाती दिला, पण ब्रशची गोष्ट चार दिवस लपवली. त्यांचा आनंद मोडू नये म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे म्हणजे मला धीर झाला नाही. शस्त्रक्रियेला दोन दिवस उरले, तेव्हा हात जोडून सगळे सांगितले.

हनुवटी वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हसत हसत पायरीवरच बसल्या. “आगं बया! म्हंजे येवडी वर्सं आमचे ह्ये फोटूवाल्याच्या ब्रशावर फिदा हुते?” मग हसू ओसरले. “आता खरी घडी कुटं हुती, कोन सांगनार? ऱ्हाऊ द्या, भाऊ. कळवा डाक्टरला.”

त्यांचे यजमान शेजारी वाल सोलत बसले होते. ते मान वर न करता म्हणाले, “पेन द्या.”

फोटोच्या पाठीवर त्यांनी दोन डोळे काढले. ते माशांसारखे दिसत होते. पण वरची रेघ त्यांनी श्वास रोखून ओढली. “उजवी हितं. डावी जरा खाली.”

“तुमी कवा बगितलं?”

“तू भाकरीवरनं वर बगायचीस, तवा.”

बाईंनी फोटो पदराने पुसून माझ्या हाती दिला, “ह्यो डाक्टरला दावा, भाऊ.” डॉक्टरांनी तो फोटो उलटा करून, न हसता, फाइलला लावला. “दोन्ही बाजूंना फरक होता, हे फार कमी लोक सांगू शकतात,” म्हणाले, आणि पेनने पापण्यांवर खुणा करण्याआधी तो दोनदा पाहिला.

शस्त्रक्रियेनंतर सूज बरीचशी उतरायला महिना गेला. एका सकाळी मी कामावर जायला जिना उतरत होतो. बाई अंगणात यजमानांसमोर उभ्या होत्या.

“अवो, नीट बगा. मीच हाय का?”

ते बराच वेळ पाहत राहिले. “डावी आजून जरा सुजल्याली हाय.”

“आनि उजवी?”

त्यांचे कान लाल झाले. “उजवी तूच हायेस.”

“मग बगून झालं आसंल तर जावा, कोतमीर आना!”

ते पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेले आणि तिथेच वळून पुन्हा पाहत उभे राहिले. मी हळूच चार पायऱ्या मागे चढलो. त्या दिवशी माझी बस चुकली.